नेरिडाचं मूळ योगदान

आमच्या संस्थेत दोन तऱ्हेची माणसं आहेत. ज्यांचं नाव अहवालाच्या मुखपृष्ठावर येतं ती, आणि ज्यांचे आभार सातव्या पानावर मानले जातात ती. नेरिडा काहिल एकोणीस वर्षं सातव्या पानावर राहिली. तिच्या शेजारी तिथे कोण कोण असायचं म्हणाल, तर छपाईवाला, नकाशे काढणारा, आणि 'ज्यांच्या सहनशीलतेशिवाय हे काम पूर्ण झालं नसतं' अशी विद्वानाची बायको.

मी कॉनी, त्याच संस्थेची संपादक. मोठ्या लोकांची दीड पानाची वाक्यं मी तीन ओळींत बसवते. त्यासाठी माझे आभार कोणी मानू नयेत असंच मला वाटतं, कारण ते वाचून लोक विचारतात की दुरुस्त केल्यावर हे असं आहे, तर आधी होतं तरी कसं. नेरिडा आणि मी रोज बारा वाजता कॅनबेराच्या तळ्याकाठच्या बाकावर बसून जेवतो. सप्टेंबरात मॅगपाय पक्षी डोक्यावर झडपा घालायला लागले की छत्री उघडून जेवतो, पण बाक सोडत नाही.

नेरिडाचं काम प्रकल्प सांभाळण्याचं. परराष्ट्र धोरणावरचं संशोधन कसं होतं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना वाटतं की विद्वान विचार करतो आणि मग लिहितो. छे. विद्वानाला विषय सुचतो, तोही बहुतेक वेळा विमानात. त्यापुढचा अर्ज नेरिडा लिहिते. अर्जात 'अपेक्षित निष्कर्ष' असा एक रकाना असतो, म्हणजे शोधायला निघण्याआधीच काय सापडणार ते लिहून द्यायचं. तोही तीच भरते. मग विमान, मग बोट, मग दुभाष्या, मग प्रश्नांचे फॉर्म. हे सगळं तिने जुळवल्यावर विद्वान पॅसिफिकमधल्या एखाद्या बेटावर जातो, चार दिवस राहतो, त्यातले दीड दिवस त्याचं पोट बिघडलेलं असतं, आणि परत आल्यावर त्याच्या परिचयात 'त्या प्रदेशाचा गाढा अनुभव' अशी ओळ वाढते. मार्चमध्ये यायचा मसुदा ऑगस्टमध्ये येतो. मधले पाच महिने नेरिडा मंत्रालयाला पत्रं लिहिते की अहवाल अंतिम टप्प्यात आहे. हे एकच वाक्य ती अकरा प्रकारे लिहू शकते, आणि एकदाही खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.

ती कूमा गावची. तिची आई अजून तिथेच असते, शहाऐंशीची आहे. नेरिडाने तरुणपणी बेटांवरच्या दवाखान्यांवर प्रबंध लिहायला घेतला होता. आईला अर्धांगाचा झटका आला आणि प्रबंध राहिला तो राहिलाच. पण आईच्या डोक्यात अजून तेच घर करून बसलंय. नेरिडा प्रत्येक छापील अहवाल आईला पाठवते. म्हातारी मुखपृष्ठ बघते, नाव शोधते, सापडत नाही, मग फोन करून विचारते, "पुढच्यावर असेल ना गं?" नेरिडा म्हणते, असेल. एकोणीस वर्षं म्हणतेय.

आणि अशात या एप्रिलमध्ये संस्थेने एक वरिष्ठ संशोधक नेमायचा ठरवला. जाहिरातीत पहिल्यांदाच लिहिलं होतं की डॉक्टरेट नसली तरी चालेल, मात्र उमेदवाराने आपलं 'मूळ योगदान' दाखवायला हवं. नेरिडा अठ्ठावन्न वर्षांची. संचालक रॉडरिक पेनहॅलोने कधी नव्हे तो नेरिडासारखीचा विचार केला असं मला वाटलं. नंतर कळलं की मंत्रालयाने सगळ्याच संस्थांना ती ओळ घालायला लावली होती. ते असो. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं आणि मलाही.

तिचं मूळ योगदान काय, हे अख्ख्या कॅनबेराला पाठ होतं. फक्त ते तिचं आहे हे कोणाला सांगायची सोय नव्हती. त्याची हकीगत अशी.

आमच्याकडे बंद दाराच्या बैठका होतात. त्यांचा नियम एका पांढऱ्या कार्डावर छापलेला असतो आणि सुरुवातीला मोठ्याने वाचला जातो. इथे जे बोललं जाईल ते बाहेर वापरता येईल, पण ते कोण बोललं हे सांगता येणार नाही. असा नियम सगळीकडेच असतो. आमच्या कार्डावर मात्र पुढे तीन शब्द जास्त आहेत, 'बोलणाऱ्यानेही सांगायचं नाही'. एक निवृत्त जनरल दर बैठकीनंतर वर्तमानपत्रांना फोन करून 'मी आत काय म्हणालो' ते सांगायचे, म्हणून बारा वर्षांपूर्वी हे शब्द घातले गेले. घातले कोणी? नेरिडाने. दुसरं कोण असणार?

गेल्या ऑगस्टमध्ये 'बेटांच्या गरजा: पुढचं दशक' या विषयावर अशीच बैठक झाली. नेरिडा धरून चौदा माणसं. दोन तास वाद कशावर, तर या गरजा चार खांबांवर उभ्या कराव्यात की पाच. शेवटी रॉडरिकने रीत म्हणून विचारलं की आणखी कोणाला काही बोलायचंय का. रॉडरिक तीन देशांत आमचा राजदूत होता आणि कुठल्याही प्रश्नाला 'हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे' एवढंच उत्तर देत निवृत्त झालाय. तो विचारतो तेव्हा कोणी बोलायचं नसतं. पण इतिवृत्त लिहिता लिहिता, मान वर न करता, नेरिडा बोलून गेली:

"आपण त्यांना काय हवं ते विचारायला जातो, पण उत्तर घरूनच डब्यात भरून नेतो."

मग रॉडरिक म्हणाला की हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे. नेरिडाने स्वतःचंच वाक्य इतिवृत्तात उतरवलं, 'एका सहभागीने म्हटलं' असं. ते माझ्याकडे तपासायला आलं आणि माझ्या लगेच लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी बाकावर मी तिला छेडलं. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली आणि म्हणाली, "नियम आहे, कॉनी."

"माझ्यापुढे कसला नियम गं? त्या चौदा जणांत घरचा डबा आणणारी तू एकटी आहेस. बाकीचे हॉटेलात जातात."

त्यावर तिने मला तिच्या लॅमिंग्टन केकचा अर्धा तुकडा दिला, म्हणजे विषय संपला.

विषय कसला संपतो. त्या बैठकीत आमचा डॉक्टर लॉक्लन फेअरवेदर होता. सदतीस वर्षांचा, केस सुंदर, दात सुंदर, पॅसिफिकवर तीन पुस्तकं. प्रत्यक्ष पॅसिफिकमध्ये तो एकूण एकवीस दिवस राहिलाय. मी मोजलेत, कारण त्याचा परिचय मीच तपासते. त्याने ते वाक्य टिपून घेतलं आणि पंधरवड्यात एक लेख लिहिला. लेखात 'एका जाणकार सहभागीने' असं आलं. तो लेख वाचून सिडनीच्या एका संस्थेने लिहिलं, 'प्रदेशातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने'. तिथून ते वर्तमानपत्रात गेलं तेव्हा ते 'पॅसिफिकमधल्या एका ज्येष्ठ स्त्रीने' म्हटलेलं झालं होतं. ख्रिसमसच्या आधी एका मंत्र्याने भाषणात ते घेतलं, 'बेटांवर पूर्वापार म्हणतात त्याप्रमाणे' असं सांगून. बेल्कॉनेन उपनगरात दोन खोल्यांत राहणारी, बसने कामाला येणारी माझी मैत्रीण चार महिन्यांत प्राचीन परंपरा होऊन बसली.

लॉक्लनने त्याला नाव दिलं, डबा-सिद्धान्त. मार्चमध्ये त्यावर दोन दिवसांची परिषद झाली. पडद्यावर त्याने डब्याची आकृती दाखवली. चार कप्पे, बाण, बाणांचे रंग वेगळे. पाहुण्यांना वाटायला संस्थेचं चिन्ह छापलेले दोनशे हिरवे डबे मागवले होते आणि ते कोणी मागवले हे मी आता सांगत नाही. झाकणं इतकी घट्ट की माजी राजदूतांची एक अख्खी रांग डबा मांडीत धरून कुंथत होती. माझ्या डोक्यात तिडीक जात होती. नेरिडा मात्र शाकाहारी किती आणि ग्लूटेन न खाणारे किती याची यादी घेऊन फिरत होती.

म्हणून एप्रिलमध्ये अर्ज समोर आला तेव्हा मला वाटलं, आता तरी ही तोंड उघडेल. तिने अर्ज बाकावर आणला. एकेचाळीस प्रकल्प, नऊ देश, सगळं भरलेलं. 'मूळ योगदान, दोनशे शब्दांत' हा चौकोन तेवढा कोरा.

मी म्हटलं, लिही ते वाक्य. ती म्हणाली, नाही लिहिता यायचं. मी म्हटलं, तुझ्या त्या तीन शब्दांना लाव आग. ती म्हणाली, नियमाचं नाही गं. मग कशाचं, तर सांगेना. सँडविचच्या कडा काढून बदकांना टाकत बसली. मी तिला वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुला लोकांचं ओझं वाहायची सवय लागलीय, कोणी उतरवायला आलं तरी तू पाठ पुढे करणार नाहीस. म्हटलं, आईला काय सांगणार आहेस, पुढच्यावर असेल म्हणून? हे बोलायला नको होतं. तिने डबा बंद केला आणि उठून गेली.

मला चैन पडेना. मी सरळ रॉडरिककडे गेले. म्हटलं, ते वाक्य कोणाचं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही खोलीत होतात. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला की त्याला ठाऊक आहे आणि त्याला वाईटही वाटतं, पण नियम मोडला तर उद्या आमच्या बैठकीला कोण येणार. मग त्याला राजदूत लोकांना सुचतं तसं काहीतरी सुचलं. चौदाही जणांनी लेखी संमती दिली, तर बोलणाऱ्याचं नाव उघड करायला हरकत नसावी. नसावी, म्हणाला. नाही असं म्हणाला नाही.

मी नेरिडाला सांगितलं तेव्हा वाटलं, ही झटकून टाकेल. पण ती वहीत आडव्या-उभ्या रेघा मारायला लागली. डावीकडे चौदा नावं, वर तारखा, कोणाला कधी पत्र, कधी आठवण. तेव्हा मला कळलं की हिला ते पद किती हवंय. एकोणीस वर्षं दाबून ठेवलं होतं, ते त्या रेघांत दिसत होतं.

चौदा संमत्या मिळवणं म्हणजे काय ते विचारू नका. एका ॲडमिरलने वकिलाला विचारून कळवतो असं कळवलं आणि वकिलाने ॲडमिरलला विचारून कळवतो असं. एका प्राध्यापकाने संमती दिली, पण सोबत टीप जोडली की अगदी हेच वाक्य तो त्याच क्षणी बोलणार होता, याची नोंद व्हावी. दोघांनी संमती नाकारली, कारण ते वाक्य आपलंच आहे अशी दोघांचीही प्रामाणिक समजूत होती. त्यांना इतिवृत्त दाखवावं, तर त्यात 'एका सहभागीने'. शेवटी रॉडरिकने त्यांना जेवायला नेलं. लॉक्लनने मात्र सही पहिल्याच दिवशी पाठवली, मनाचा मोठेपणा दाखवून. तोही त्याच पदाचा उमेदवार होता. मला जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "वाक्य कोणाचंही असू दे गं कॉनी, सिद्धान्त माझा आहे."

सगळ्यात शेवटी आली ती चौदावी संमती, नेरिडाची स्वतःची. तो कागद चार दिवस तिच्या टेबलावर पडून होता. मी जाता-येता बघत होते. पाचव्या दिवशी तिने सही केली आणि माझ्याकडे न बघता तो फायलीत लावला.

मुलाखत जूनमध्ये. त्या दिवशी धुकं इतकं की तळं दिसत नव्हतं. समितीत रॉडरिक, विद्यापीठाच्या एक बाई, आणि तिसरं कोणीतरी बेटांवरचं, कारण 'प्रदेशाचा आवाज' हवा असा नवा आग्रह होता. आधी बोलावलेल्या दोघांनी जमत नाही म्हणून कळवलं, म्हणून आदल्या दिवशी सुवाहून सिस्टर मेरेसेइनींना बोलावून घेतलं होतं. तेहतीस वर्षं फिजीच्या लांबच्या बेटांवर नर्स होत्या, आता निवृत्त. थंडीने गारठल्या होत्या, तेव्हा मी माझा लोकरी कोट त्यांना दिला. इतिवृत्त नेहमी नेरिडा लिहिते, पण आज ती उमेदवार, म्हणून वही माझ्याकडे आली होती.

लॉक्लन आधी आला. चाळीस मिनिटं बोलला, आकृतीसकट. सिस्टर मन लावून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, की त्या डब्यात काय असतं. लॉक्लन हसून म्हणाला की ती संकल्पना आहे. सिस्टर बरं म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.

मग नेरिडा आली, निळा कोट घालून. दारातच थबकली. मला वाटलं, धीर सुटला हिचा. ती सिस्टरकडे बघत होती. सिस्टर तिच्याकडे बघून हसल्या, कोणाहीकडे बघून हसतात तशा. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

प्रश्न सुरू झाले. नेरिडा छान बोलत होती. एकेचाळीस प्रकल्पांतलं प्रत्येक बेट, प्रत्येक बोटीची वेळ तिला ठाऊक. विद्यापीठाच्या बाई खूश दिसत होत्या. रॉडरिकने फाईल उघडली, चौदा संमत्या बोटांनी सरळ केल्या आणि लहान मुलाला घास भरवावा तसा प्रश्न तिच्यापुढे धरला. म्हणाला, "डब्याचं ते वाक्य कोणाचं, हे आता उघड सांगायला हरकत नाही. सगळ्यांच्या सह्या आल्यात. तर तुझं मूळ योगदान काय, हे तूच सांग."

सिस्टर कौतुकाने म्हणाल्या, "ते वाक्य होय? मी सुवात रेडिओवर ऐकलं. मला वाटलं, बरं झालं, तिकडे कोणीतरी आपल्यासारखा विचार करतंय."

आता एक शब्द, 'माझं' एवढा, आणि काम फत्ते होतं. मी वहीवर पेन टेकवून तयार होते.

"ते वाक्य माझं नाही," नेरिडा म्हणाली.

रॉडरिकचा चेहरा पडला. विद्यापीठाच्या बाईंनी चष्मा काढला. नेरिडा सिस्टरकडे वळून बोलत होती, बाकीचे जसे खोलीत नव्हतेच. "सिस्टर, अकरा वर्षं झाली. लाउ बेटांपैकी एकावर, धक्क्यापाशी तुमचा दवाखाना होता. आम्ही तिघं आलो होतो, प्रश्न विचारायला. दोघं सावलीत बसले होते आणि मी लिहून घेत होते. निघताना तुम्ही मला म्हणालात, 'तुम्ही विचारायला येता खरं, पण उत्तर घरून डब्यात घेऊन येता.' मी ते त्या दिवशी बैठकीत बोलून गेले. नाव सांगितलं नाही, कारण तिथे नाव सांगायचं नसतं. पुढे ते सगळीकडे गेलं आणि मी गप्प राहिले. सहीसुद्धा केली."

पद गेलं, हे खोलीतल्या प्रत्येकाला त्याच क्षणी कळलं. मला तिचा राग आला, आणि रडूही आलं. इतके महिने बाकावर बसून हिने मला सांगितलं नाही. आणि हे तरी न सांगितलं असतं तर कोणाला कळणार होतं? सिस्टरनासुद्धा नाही. गंमत बघा, वर्तमानपत्रवाल्याने ठोकून दिलेलं 'पॅसिफिकमधली एक ज्येष्ठ स्त्री' हेच तेवढं खरं निघालं होतं.

रॉडरिक सावरला. असल्या वेळी त्याचा हात धरणारा कोणी नाही. म्हणाला की हे फार हृद्य आहे, अशा प्रामाणिकपणाची नोंद घेतली पाहिजे, आणि सिस्टर मेरेसेइनींचा तर संस्थेने यथोचित सन्मान करायला हवा, एखादं व्याख्यान ठेवू या.

सिस्टरचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या नेरिडाला निरखत होत्या. "टोपीवाली मुलगी," त्या हळूच म्हणाल्या. "तुझं नाक सोलवटलं होतं उन्हाने. मी तुला पपईचा गर लावायला दिला होता."

"हो, सिस्टर."

"वाक्याचं काय घेऊन बसलात, मी दिवसाला असली चार बोलते. पण त्या दिवशी मी तुला फ्रिज सांगितला होता. आमचा बंद पडला होता आणि लशी मी मासेवाल्याच्या बर्फात ठेवत होते. दोनदा सांगितलं तुला. तू लिहीत होतीस, म्हणून मला वाटलं, लिहिलं असणार. मी निवृत्त झाले तोवर वाट बघितली." त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे जास्त वाईट. "लिहिलंस का गं ते?"

"नाही."

"का?"

"फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. बासष्ट प्रश्न होते. प्रशासन, नेतृत्व, सागरी सुरक्षा. वस्तूंचा रकाना नव्हता."

"फॉर्म कोणी केला होता?"

नेरिडाने दोन्ही हात टेबलावर ठेवले. एकोणीस वर्षांत तिला इतक्या स्वच्छ आवाजात बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"मी केला होता, सिस्टर. त्या सबंध कामात तेवढंच माझं स्वतःचं होतं."

धुक्यात कुठेतरी बस थांबल्याचा आवाज आला. रॉडरिक माझ्याकडे वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "कॉनी, हे शेवटचं इतिवृत्तात नको. उगाच तिच्या विरुद्ध जाईल."

माझंही पेन थांबलंच होतं. मैत्रीण म्हणून मला ते गाळायचंच होतं, आणि गाळणं तर माझा धंदाच आहे. मी नेरिडाकडे बघितलं. तिने सगळं ऐकलं होतं.

"लिही, कॉनी," ती म्हणाली. "माझ्या नावाने लिही."